आज्ञावली-अभिकल्पाचे आकृतिबंध

संगणकाच्या आज्ञावली रचताना पुनःपुन्हा उद्भवणारी एखादी समस्या, ती ज्या परिस्थितीत उद्भवते ती परिस्थिती आणि अनुभवाने योग्य ठरलेली तिची उकल यांच्या नामनिर्देशपूर्वक केलेल्या एकत्रित वर्णनास अभिकल्प आकृतिबंध किंवा ‘डिझाइन पॅटर्न’ असे म्हणतात. आकृतिबंध म्हणजे तयार आज्ञावली नव्हे. तो जसाच्या तसा उतरवून घेता येत नाही. अल्गोरिदमहूनही तो भिन्न आहे. अल्गोरिदमात विशिष्ट उत्तर काढण्याच्या पायऱ्या निश्चित केलेल्या असतात. आकृतिबंधात आज्ञावलीच्या निरनिराळ्या भागांनी कामाची वाटणी कशी करावी आणि परस्परांवर किती अवलंबून राहावे, याविषयीचा निर्णय सांगितलेला असतो.

आज्ञावली केवळ बरोबर चालणे पुरेसे नसते. ती वर्षानुवर्षे वापरात राहते, गरजा बदलतात आणि मूळ लेखकाच्या जागी दुसरे लोक येतात. अशा वेळी एका ठिकाणचा बदल इतर किती ठिकाणी फेरफार करावयास लावतो, यावर आज्ञावलीचे आयुष्य अवलंबून असते. हा बदल मर्यादित कसा ठेवावा, याचे ज्ञान अनुभवी आज्ञावलीकारांजवळ होते. परंतु ते बहुतांशी अलिखित होते. सुतारकाम किंवा गवंडीकाम शिकणाऱ्याला उस्तादाचा हात प्रत्यक्ष पाहता येतो. आज्ञावलीच्या तयार मजकुरावरून मात्र तो तसाच का लिहिला गेला, हे सहसा कळत नाही. नाकारलेले पर्याय मजकुरात दिसत नाहीत. हे अलिखित ज्ञान नवशिक्यापर्यंत पोहोचविण्याचे साधन म्हणून आकृतिबंधांचे ग्रंथ निर्माण झाले व या विषयाचे अध्ययन प्रामुख्याने ग्रंथांद्वारेच होत आले आहे.

आकृतिबंधाचे घटक : प्रत्येक आकृतिबंधाचे चार आवश्यक घटक मानले जातात : नाव, समस्या, उकल आणि परिणाम. नावामुळे एक संपूर्ण विचार एका शब्दात व्यक्त करता येतो व सहकाऱ्यांमधील चर्चा सुकर होते. समस्येच्या वर्णनात आकृतिबंध केव्हा लागू पडतो हे सांगितलेले असते. उकलीत सहभागी भाग, त्यांचे परस्परसंबंध व जबाबदाऱ्या येतात. परिणाम या घटकात आकृतिबंध स्वीकारल्याने काय साधते आणि त्याची किंमत काय द्यावी लागते, या दोन्ही बाजू नोंदविलेल्या असतात. नवशिक्या वाचकाचे लक्ष स्वाभाविकपणे उकलीकडे जाते; परंतु निवड करताना खरा उपयोग समस्या व परिणाम यांच्या वर्णनाचा होतो.

इतिहास : आकृतिबंधाची कल्पना वास्तुकलेतून आली. व्हिएन्ना येथे जन्मलेले वास्तुशास्त्रज्ञ क्रिस्टोफर अलेक्झांडर (१९३६–२०२२) यांनी नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म (१९६४) या ग्रंथात मोठी अभिकल्प-समस्या परस्परसंबद्ध गरजांच्या गटांत कशी विभागावी, याचे विवेचन केले. त्यासाठी घेतलेले विस्तृत उदाहरण भारतीय खेड्याचे होते. जातिव्यवस्था, जमीन, गुरे, पाणी, शेती इत्यादींसंबंधीच्या १४१ गरजांची यादी करून त्यांतील परस्परसंबंधांची गणिती मांडणी त्यांनी केली होती. पुढे सहकाऱ्यांसमवेत लिहिलेल्या अ पॅटर्न लँग्वेज (१९७७) या ग्रंथात प्रदेशरचनेपासून घरातील बारीकसारीक सोयींपर्यंतचे २५३ आकृतिबंध त्यांनी क्रमवार मांडले. उदा., सहा फुटांपेक्षा कमी खोलीची बाल्कनी फारशी वापरली जात नाही, कारण तेथे माणसांना टेबलाभोवती निवांत बसता येत नाही, असे निरीक्षण देऊन बाल्कनी किमान सहा फूट खोल असावी, असे त्यात सुचविले आहे. निरीक्षण, कारण आणि निर्णय एकत्र देण्याच्या या पद्धतीमुळे सामान्य रहिवाशालाही अभिकल्पात भाग घेता यावा, हा अलेक्झांडर यांचा हेतू होता.

ही पद्धत आज्ञावलींना लावण्याचा प्रारंभीचा महत्त्वाचा प्रयत्न केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन आज्ञावलीकारांनी केला. स्मॉलटॉक या भाषेत पडद्यावरील खिडक्यांची मांडणी करण्यासाठी त्यांनी पाच आकृतिबंधांची एक छोटी भाषा तयार केली व १९८७ मध्ये ‘ऊप्स्ला’ या वस्तुनिष्ठ आज्ञावलीलेखनाच्या परिषदेत तिची माहिती दिली. याच सुमारास एरिक गामा हे झुरिक विद्यापीठातील आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी पुनःपुन्हा आढळणाऱ्या रचनांची नोंद करीत होते, तर जेम्स कोप्लिएन हे सी++ भाषेतील अशाच लेखनरीतींचा ग्रंथ सिद्ध करीत होते. १९९३ मध्ये बेक व ग्रेडी बूच यांच्या पुढाकाराने ‘हिलसाइड ग्रुप’ हा अभ्यासकांचा गट स्थापन झाला. त्याच्या वतीने १९९४ मध्ये इलिनॉय राज्यात आकृतिबंधलेखनाची पहिली परिषद भरली. या परिषदांत लेखकाने आपला आकृतिबंध मांडून गप्प बसावे व इतरांनी त्याची चर्चा करावी, ही साहित्यिकांच्या कार्यशाळांतील प्रथा स्वीकारण्यात आली. आकृतिबंधांचा संग्रह सर्वांना वाढविता यावा, यासाठी कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये ‘विकी’ ही पद्धती सुरू केली. पुढील काळातील मुक्त ज्ञानकोशांना तिचाच आधार मिळाला.

१९९४ चा ग्रंथ : एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन व जॉन व्हिलिसिडीस यांचा डिझाइन पॅटर्न्स हा ग्रंथ १९९४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला (मुद्रित वर्ष १९९५). चार लेखकांमुळे तो ‘गँग ऑफ फोर’ म्हणजे चौकडीचा ग्रंथ या नावाने ओळखला जातो. त्यात २३ आकृतिबंध असून त्यांचे तीन वर्ग केले आहेत : वस्तूंच्या निर्मितीसंबंधीचे ५, वस्तूंच्या जोडणीसंबंधीचे ७ आणि वस्तूंच्या परस्परव्यवहारासंबंधीचे ११. लेखकांनी यांतील एकही रचना नव्याने शोधून काढल्याचा दावा केला नाही. भिन्न प्रणालींत एकाहून अधिक वेळा प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या रचनांचाच समावेश केला. उदाहरणांसाठी सी++ व स्मॉलटॉक या भाषा वापरल्या आहेत.

प्रत्येक आकृतिबंधाचे वर्णन एकाच साच्यात केलेले आहे. उद्दिष्ट, अन्य नावे, प्रेरक उदाहरण, उपयुक्ततेच्या अटी, रचनेची आकृती, सहभागी घटक, त्यांचे सहकार्य, परिणाम, प्रत्यक्ष लेखनातील बारकावे, नमुना आज्ञावली, ज्ञात उपयोग आणि संबंधित आकृतिबंध अशी ही प्रकरणे आहेत. या साच्यामुळे ग्रंथ संदर्भासाठी सोयीचा झाला व आकृतिबंधांची तुलना करणे शक्य झाले. ग्रंथाच्या पूर्वार्धात दस्तऐवज संपादित करणाऱ्या ‘लेक्सी’ नावाच्या आज्ञावलीचा अभिकल्प तपशिलाने मांडला असून त्यातील सात समस्या सोडविताना आठ आकृतिबंध कसे उपयोगी पडतात, हे दाखविले आहे.

संपूर्ण ग्रंथामागे दोन सूत्रे आहेत. वस्तुनिष्ठ आज्ञावलीलेखनात माहिती व तिच्यावरील क्रिया एकत्र बांधून ‘वस्तू’ तयार केली जाते आणि समान वस्तूंची व्याख्या ‘वर्गा’त केली जाते. वस्तू कोणत्या विनंत्या स्वीकारते, याच्या यादीस ‘इंटरफेस’ म्हणतात. एका भागाने दुसऱ्याच्या आतील रचनेवर विसंबू नये, केवळ इंटरफेसवर विसंबावे, हे पहिले सूत्र होय. दुसऱ्या सूत्रानुसार, एका वर्गाचे गुण वारसा म्हणून दुसऱ्या वर्गास देण्यापेक्षा स्वतंत्र वस्तूंची जोडणी करून हवे ते वर्तन साधणे अधिक श्रेयस्कर असते. कारण वारसा आज्ञावली लिहितानाच निश्चित होतो, तर जोडणी ती चालू असतानाही बदलता येते. ही सूत्रे लक्षात आल्यावर २३ पैकी अनेक आकृतिबंध म्हणजे त्यांचेच विशेष उपयोग आहेत, हे वाचकाच्या ध्यानात येते.

उदाहरण : आकृतिबंधाचे स्वरूप ‘ऑब्झर्व्हर’ म्हणजे निरीक्षक या आकृतिबंधावरून स्पष्ट होईल. एखाद्या आज्ञावलीत धरणाच्या पाणीपातळीची नोंद ठेवणारी एक वस्तू आहे असे मानल्यास, पातळी बदलताच नियंत्रणकक्षातील पडद्यावरचा आकडा बदलणे, आलेखात नवा बिंदू पडणे आणि ठरावीक मर्यादा ओलांडल्यास भोंगा वाजणे आवश्यक असते. पातळीच्या वस्तूने या तिघांना नावानिशी आज्ञा देणे, हा सर्वांत सरळ मार्ग होय. परंतु उद्या नदीकाठच्या गावांना संदेश पाठविण्याची सोय करावयाची झाल्यास पातळी नोंदविणाऱ्या मूळ वर्गातच फेरफार करावा लागतो. वस्तुतः पातळी नोंदविणे व ती कोणाला कळवावयाची हे ठरविणे, या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत.

निरीक्षक आकृतिबंधात पातळीची वस्तू आपल्याजवळ केवळ निरीक्षकांची यादी ठेवते. ज्यास बदल कळून घ्यावयाचा असेल, त्याने यादीत नाव नोंदवावे व सूचना स्वीकारण्याची एक ठरावीक क्रिया पुरवावी, एवढीच अट असते. पातळी बदलताच यादीतील प्रत्येकास सूचना दिली जाते. गावांना संदेश पाठविणारी नवी वस्तू मूळ वर्गास हात न लावता यादीत दाखल होऊ शकते.

या सोयीची किंमतही आहे. पातळीच्या वस्तूस आपले निरीक्षक कोण, हे ठाऊक नसल्यामुळे एका लहान बदलाने किती कामे सुरू होतील, हे तिच्या मजकुरावरून समजत नाही. एखाद्या निरीक्षकाने सूचना मिळताच मूळ वस्तूतच पुन्हा बदल केला, तर सूचनांची साखळी सुरू होते. गरज संपल्यावर निरीक्षकाचे नाव यादीतून काढले नाही, तर तो संगणकाच्या स्मृतीत जागा अडवून राहतो. सूचनांच्या क्रमाची हमी नसते; म्हणून आलेख काढण्यात बिघाड झाल्यास भोंग्यापर्यंत सूचना पोहोचेल किंवा नाही, याचा स्वतंत्र विचार करावा लागतो. रचनेची आकृती पाठ करणाऱ्या वाचकाच्या नजरेतून हा भाग सुटतो. आणि प्रत्यक्ष कामात अडचणी येतात त्या येथेच.

ग्रंथाध्ययनाची पद्धती : आकृतिबंधांचा ग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत सलग वाचणे फारसे फलदायी होत नाही, कारण त्याची मांडणी कोशासारखी असते. अनुभव कमी असलेल्या वाचकाने आठ सोप्या व सामान्यतः आढळणाऱ्या आकृतिबंधांपासून सुरुवात करावी, असे १९९४ च्या ग्रंथातच सुचविले आहे. ते म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट फॅक्टरी, अ‍ॅडॅप्टर, काँपोझिट, डेकोरेटर, फॅक्टरी मेथड, ऑब्झर्व्हर, स्ट्रॅटेजी व टेम्प्लेट मेथड हे होत. उरलेले आकृतिबंध प्रथम नाव व उद्दिष्ट यांपुरते परिचित करून घेणे व गरज पडेल तेव्हा तपशिलाने अभ्यासणे इष्ट ठरते.

उद्दिष्ट वाचणे किती आवश्यक आहे, हे स्ट्रॅटेजी व स्टेट या दोन आकृतिबंधांच्या तुलनेवरून दिसून येते. दोहोंच्या रचनेच्या आकृत्या जवळजवळ सारख्याच आहेत : एक मुख्य वस्तू आपले काम दुसऱ्या, बदलता येण्याजोग्या वस्तूकडे सोपविते. परंतु स्ट्रॅटेजीत एकच काम करण्याच्या पर्यायी रीती असतात व त्यांपैकी एक सामान्यतः बाहेरून निवडली जाते, उदा., यादी कोणत्या रीतीने क्रमवार लावावी. स्टेटमध्ये वस्तूची स्वतःची अवस्था बदलते व तीनुसार तिचे वर्तन बदलते, उदा., आरक्षण प्रतीक्षायादीत असणे, निश्चित होणे वा रद्द होणे. डेकोरेटर व प्रॉक्सी यांचेही असेच आहे : दोन्हींत एक वस्तू दुसरीला वेढून राहते, पण पहिलीत नवे गुण जोडणे व दुसरीत मूळ वस्तूपर्यंतचा प्रवेश नियंत्रित करणे हे उद्दिष्ट असते. आकृतीवरून आकृतिबंध ओळखू पाहणारा वाचक त्यामुळे फसण्याचा संभव असतो.

नमुना आज्ञावली केवळ वाचण्यापेक्षा ती स्वतःच्या परिचित भाषेत पुन्हा लिहून पाहणे अधिक उपयुक्त असते. त्याहूनही उपयुक्त रीत म्हणजे प्रथम आकृतिबंधाविना आज्ञावली लिहिणे, नंतर तीत एक नवी गरज समाविष्ट करणे आणि किती ठिकाणी फेरफार करावा लागला हे मोजणे. आकृतिबंधाने सोडविलेली समस्या अशा रीतीने प्रत्यक्ष अनुभवास येते. वाचनास चांगल्या आज्ञावलींच्या परिशीलनाची जोड देणेही आवश्यक आहे. जावा भाषेच्या वाचन-लेखन प्रवाहांच्या ग्रंथालयात डेकोरेटर आकृतिबंध आढळतो. बेक व गामा यांनी लिहिलेल्या ‘जेयुनिट’ या चाचणी-साधनाची रचना तर एकामागून एक आकृतिबंध लावून कशी उभी राहिली, याचे वर्णन त्यांनी स्वतःच केले आहे.

सामूहिक वाचनाची पद्धतही रुजली आहे. आठवड्याला एक आकृतिबंध घेऊन त्यावर प्रश्नोत्तररूप चर्चा करणाऱ्या अभ्यासगटांच्या अनुभवावरून जोशुआ केरिएव्हस्की यांनी अभ्यासगट कसा चालवावा, याचीच एक आकृतिबंधभाषा लिहिली. गटात आकृतिबंधाच्या उपयोगाविषयी मतभेद व्यक्त होतात व त्यामुळे परिणामांची बाजू दुर्लक्षित राहत नाही.

उत्तरकालीन ग्रंथ : फ्रँक बुशमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये संपूर्ण प्रणालींच्या स्थूल रचनेचे आकृतिबंध संकलित केले व त्यातून पुढे पाच खंडांची ग्रंथमाला तयार झाली. मार्टिन फाउलर यांनी व्यापारी संस्थांच्या आज्ञावलींसंबंधीचे आकृतिबंध २००२ मध्ये प्रसिद्ध केले. वारंवार केल्या जाणाऱ्या चुकांचे वर्णन करणारा अँटीपॅटर्न्स हा ग्रंथ १९९८ मध्ये निघाला. नवशिक्यांसाठी चित्रे, संवाद व कोडी यांचा उपयोग करून लिहिलेला हेड फर्स्ट डिझाइन पॅटर्न्स (२००४) विशेष लोकप्रिय झाला. केरिएव्हस्की यांचा रिफॅक्टरिंग टू पॅटर्न्स (२००४) अध्ययनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आकृतिबंध आरंभीच योजून ठेवण्याऐवजी साध्या आज्ञावलीत गरज निर्माण झाल्यावर लहान लहान सुरक्षित पायऱ्यांनी त्याकडे कसे जावे, आणि अनावश्यक झालेल्या आकृतिबंधापासून मागे कसे फिरावे, हे त्यात दाखविले आहे. खेळांच्या आज्ञावलींसंबंधी रॉबर्ट नायस्ट्रम यांचा ग्रंथ २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मर्यादा व टीका : काही आकृतिबंध म्हणजे विशिष्ट भाषांतील उणिवा भरून काढण्याचे उपाय आहेत, असा एक आक्षेप आहे. पीटर नॉर्व्हिग यांनी १९९६ मध्ये असे दाखविले, की २३ पैकी १६ आकृतिबंध लिस्प वा डिलन यांसारख्या भाषांत अधिक सोपे होतात किंवा दिसेनासे होतात. जेथे क्रियाच मूल्याप्रमाणे दुसऱ्या क्रियेस देता येते, तेथे स्ट्रॅटेजीसाठी स्वतंत्र वर्गांची गरज राहत नाही. इटरेटर हा आकृतिबंध अनेक भाषांच्या मूळ रचनेतच समाविष्ट झाला आहे. याउलट जावा भाषेने आरंभापासून पुरविलेली ऑब्झर्व्हरची तयार सोय २०१७ मधील नवव्या आवृत्तीत टाळण्याजोगी म्हणून घोषित झाली. सूचनांचा क्रम अनिश्चित असणे, हे त्यामागील एक कारण होते. यावरून आकृतिबंधातील विचार टिकून राहिला, तरी त्याचे विशिष्ट लेखन कालबाह्य होऊ शकते, हे स्पष्ट होते. म्हणून जुना ग्रंथ वाचताना समस्या व परिणाम यांचा भाग तसाच ग्राह्य धरून नमुना आज्ञावलीचा भाग आजच्या भाषेच्या सोयी लक्षात घेऊन तपासावा लागतो.

अतिवापर हा दुसरा दोष होय. ग्रंथ नुकताच वाचलेल्या आज्ञावलीकारास सर्वत्र आकृतिबंध दिसू लागतात व साधे काम अनेक वर्गांत विखुरले जाते. प्रत्येक आकृतिबंध कोणता ना कोणता अप्रत्यक्ष दुवा निर्माण करतो. अपेक्षित बदल कधी घडलाच नाही, तर तो दुवा केवळ ओझे ठरतो. सिंगलटन या आकृतिबंधाचा उपयोग सर्वत्र पोहोचणाऱ्या सामायिक माहितीस प्रतिष्ठा देण्यासाठी इतका झाला, की तो संग्रहातून वगळावा असे मत स्वतः गामा यांनी २००९ मध्ये व्यक्त केले.

अलेक्झांडर यांनी १९९६ मध्ये संगणकशास्त्रज्ञांपुढे केलेल्या भाषणात याहून मूलभूत प्रश्न उपस्थित केला. आकृतिबंधांमुळे अनुभवाची देवाणघेवाण सोयीची झाली. पण त्यामुळे तयार होणाऱ्या आज्ञावली खरोखर अधिक चांगल्या झाल्या काय आणि त्यांचा ज्यांच्या जीवनाशी संबंध येतो त्या माणसांचे हित साधले काय, असे त्यांनी विचारले. त्यांच्या मूळ कल्पनेत आकृतिबंधभाषा ही रहिवाशांच्या हाती देण्याची वस्तू होती; आज्ञावलींच्या क्षेत्रात ती मुख्यत्वे तज्ज्ञांची परिभाषा बनली. आकृतिबंधांच्या ग्रंथांनी तज्ज्ञांच्या मनातील निर्णय नवशिक्यास वाचता येतील असे केले, हे त्यांचे कार्य निर्विवाद आहे. परंतु निर्णयामागील कारणे वगळून केवळ नावे व आकृत्या आत्मसात केल्यास शिल्लक राहतो तो पाठांतराचा विषय. एखादा आकृतिबंध केव्हा वापरू नये, हे सांगता येणे हीच त्याच्या अध्ययनाची खरी कसोटी मानावी लागते.